पॅकिंगवर पॅकिंग

केरिमकूलला ‘नाही’ म्हणता येत नाही. आमच्या खोऱ्यात त्याच्यासारखा ट्रक दुरुस्त करणारा दुसरा नाही, पण पांढरी दाढी समोर आली की याची वाचा बसते. मी त्याचा मेहुणा. वीस वर्षं हे बघतोय आणि वीस वर्षं माझं डोकं फिरतंय.

त्या जूनमध्ये आम्ही वरच्या कुरणावर निघालो होतो. माझी बहीण बुरुल दोन महिन्यांचं पोर घेऊन, सासऱ्याबरोबर मेंढरं हाकत आदल्या दिवशीच पुढे गेली होती. तिचं यूर्त, म्हणजे राहायचा लोकरी तंबू, मात्र आमच्या ट्रकवर. घाटात ट्रकनं दोन आचके दिले आणि मान टाकली. फ्युएल पंपाचा डायाफ्राम फाटला होता. केरिमकूलनं जवळचा दुसरा पंप काढला, त्याचा लिव्हर इंजिनातल्या फिरत्या कॅमवर टेकलाय का ते बोटानं चाचपलं (कॅम लिव्हर दाबतो, तेव्हाच पंप पेट्रोल ओढतो), बोल्ट आवळले. अर्ध्या तासात इंजिन सुरू! जोडाशी किंचित तेल पाझरत होतं, एवढंच.

तेवढ्यात वरून आमच्या खोऱ्यातल्या, पांढऱ्या दाढीच्या सादिरकाकांचा ट्रक आला. घाटात थांबलेल्याला सोडून जायचं नाही, ही आमची रीत.

“तेल गळतंय,” काका म्हणाले.

“चालेल काका. बुरुल वर उघड्यावर आहे, पोर लहान...”

“म्हणूनच काम पक्कं करू! चाळीस वर्षं ट्रक हाकलाय मी.”

काकांनी चहाचं खोकं कापून पंप आणि इंजिनाच्या मध्ये आणखी एक पॅकिंग घातलं. इंजिन खोकायला लागलं. “पंप तापलाय, ओलं फडकं गुंडाळ,” काका म्हणाले. थंडीनं आमचे दात वाजत होते, आणि केरिमकूल मुकाट्यानं फडकं भिजवत होता! मग तिसरं पॅकिंग. इंजिन ठार.

हातानं पंप मारला की पेट्रोलची चिळकांडी उडे. सेल्फ मारला की दोन थेंब.

“पॅकिंग जाड झालं,” केरिमकूल माझ्या कानाशी पुटपुटला. “लिव्हर कॅमपर्यंत पोचतच नाही.”

“मग बोल की! तोंडात मूग धरलेस का?”

“मोठे आहेत रे ते.”

असे तीन तास गेले. संतापानं माझ्या मुठी वळत होत्या. मग खिंडीवर ढग उतरले आणि बर्फाळ पाऊस सुरू झाला. केरिमकूलनं एकदा वर पाहिलं.

“काका, बाजूला व्हा.”

जन्मात पहिल्यांदा. त्यानं दोन्ही जादा पॅकिंगं काढून फेकली, पंप बसवला, सेल्फ मारला. इंजिन धडधडायला लागलं.

काका रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फेकलेली पॅकिंगं उचलून हातात धरली.

“तुला कळलं होतं?”

“हो.”

“कधी?”

“तुम्ही पहिल्यांदा खोकं कापलंत तेव्हाच.”

“मग तुझं पोर वर गारठत असताना माझे हात का नाही धरलेस, गाढवा?”

केरिमकूलनं मान खाली घातली. मीही घातली. तीन तास तोंड मलाही होतंच की.