केबिनचं दार धरून घेतलेला इंटरव्ह्यू

"शेठ विचारताहेत, लूम सारखी बंद पडायला लागली तर काय करशील?" मी दुसऱ्यांदा विचारलं.

समोरचा भिकन शेठच्या डोळ्यांत डोळे घालून बसला होता. पापणी हलत नव्हती. ओठ तर नाहीच. इंटरव्ह्यूत नजर चुकवायची नाही, असं त्याच्या मुलीने त्याला मोबाइलवर व्हिडिओ दाखवून शिकवलं होतं. नंतर बोलायचंही असतं, तो भाग बहुधा रेंजअभावी राहिला असावा. अखेर शेठनीच नजर खाली घातली.

मी सुरतेत, पांडेसऱ्यातल्या एका लूम्सच्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात एचआर बघतो. म्हणजे माणसं घ्यायची, टिकवायची आणि ती सोडून गेली की शेठचं ऐकून घ्यायचं. त्या दिवशी सुपरवायझरच्या जागेसाठी सकाळपासून इंटरव्ह्यू चालू होते. आलेला प्रत्येक जण मेहनती होता. प्रत्येकाचा दोष एकच, तो जरा जास्तच मेहनती होता. बसून बसून माझी कंबर गेली होती आणि ऐकून ऐकून माणसांवरचा विश्वासही जाण्याच्या बेतात होता.

भिकन अमळनेरकडचा, राहायला इथेच, बमरोलीत. आयुष्य लूम्सच्या शेडमध्ये गेलेलं. आमच्याकडे शेडला खातं म्हणतात. तो काम करत होता ते खातं बंद होत होतं, मालक लूम्स भंगारात काढत होता. इथे नोकरी लागली नाही तर बिऱ्हाड गावी हलवायचं आणि नववीतल्या मुलीची शाळा सोडवायची, हे ठरलेलं. हे सगळं त्याने मला थोड्या वेळापूर्वी बाहेर आमच्या खात्यात उभं राहून, माझ्या कानाला तोंड लावून सांगितलं होतं. मग आता काय झालं?

"काय व्हयनं, भाऊ?" मी अहिराणीत विचारून पाहिलं.

त्याने घाम पुसला. एसी अठरावर होता.

"मूंगो छे के शुं? मुका आहे का हा?" शेठ म्हणाले. "दुसऱ्याला बोलाव."

भिकन उठला. दाराशी गेला, दार उघडलं आणि खात्याचा खडखडाट धाडकन आत शिरला. तसा तो गर्रकन वळला.

"शेठ! पहिले ताणा देखने का!" छातीच्या तळापासून आवाज आला. "बाद में कारीगर को गाली देने का!"

ताणा म्हणजे कापडाचा उभा धागा. तो खराब असेल तर कारीगर बिचारा काय करणार? उत्तर पुस्तकी नव्हतं, पण बरोबर होतं. शेठ खुर्चीत सरळ झाले.

त्याच्या हातून दार सुटलं आणि आपोआप लागलं. भिकन गप्प. तोंड उघडं, आवाज नाही.

मी दार उघडलं. "और दो कारीगर लडेंगे तो अलग लूम पे डालने का!"

सोडलं. गप्प.

आता मला उलगडलं. खात्यात कुणी हळू बोलत नाही. खुणा करायच्या, नाहीतर कानाशी येऊन ओरडायचं. दुहेरी काचेच्या त्या शांत खोलीत याला स्वतःचाच आवाज परका वाटत होता आणि तो ऐकून हा आणखी घाबरत होता.

"एसी चालू छे!" शेठ ओरडले.

"असू द्या शेठ, विचारा तुम्ही," मीही ओरडलो आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो. ते दार आपोआप बंद होणारं, दणकट स्प्रिंगचं. एमबीए करताना हा विषय मला नव्हता. पुढचा सगळा इंटरव्ह्यू त्या स्प्रिंगने माझ्या मणक्यावर लिहून घेतला. आत दोघं एकमेकांवर असे ओरडत होते की वॉचमन काठी घेऊन धावत आला.

शेठ खूश दिसले. पण धंद्याचा माणूस तो. शेवटी म्हणालेच, "काम आवडे छे, म्हणजे येतं याला. पण सुपरवायझरने रोज सकाळी या केबिनमध्ये बसून रिपोर्ट द्यायचा असतो. तेव्हा दार कोण धरणार?"

मी भिकनकडे पाहिलं.

भिकन माझ्याजवळ आला. मला हाताने हळूच बाजूला केलं आणि दार स्वतः लावून घेतलं. एसीची घरघर तेवढी उरली. मला वाटलं, संपलं.

"रिपोर्ट मैं देगा शेठ!" तो गरजला. काचा हादरल्या. "रोज देगा!"

"बहेरो नथी हुं, भाई!" शेठ कान चोळत म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "सोमवारपासून बोलाव."

भिकन लागला. मुलगी दहावीत गेली. त्याची भीती मात्र गेलेली नाही. केबिनपाशी आला की अजून दोन क्षण थांबतो. मग आत येऊन असा रिपोर्ट देतो की शेजारच्या कारखान्याला आमचं प्रॉडक्शन कळतं. शेठनी हळू बोलायला सांगून पाहिलं, हल्ली सांगत नाहीत.

उमेदवार मला विचारतात, साहेब, इंटरव्ह्यूची भीती घालवायची कशी? मी म्हणतो, घालवत बसू नका, तेवढा वेळ तुम्हालाही नसतो आणि मलाही. घाबरत घाबरत बोला. आवाज जास्त झाला तर शेठ कान चोळतील. आवाज निघालाच नाही, तर मी पुढच्याचं नाव पुकारीन.