कव्हरच्या आतलं नाव

सुरुवातीलाच माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, आणि शब्दही साधेच येतील. पण मेहकरात शेषराव मिस्त्रींच्या गॅरेजवर मी बारा वर्षं काढली आहेत. तिथे पत्र्याचा एक डबा आहे. गाडी जोडून झाली की कधी एखादा नट, एखादा वायसर उरतो, तो त्या डब्यात जातो. मिस्त्री म्हणायचे, "कंपनीनं जास्तीचा देला." कशाचा आहे ते कळत नाही आणि फेकवतही नाही. किस्से असेच साचले आहेत. बहुतेक मिस्त्रींचे, आणि बहुतेक टायमिंग बेल्टचे.

हा बेल्ट म्हणजे इंजिनातला दातेरी रबरी पट्टा. इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागाची चाल त्याच्यामुळे जुळते. बसवताना दोन दात इकडेतिकडे झाले की वॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. बेल्ट तुटला की गाडी जागेवरून हलत नाही, म्हणून मिस्त्री लोकांच्या घरी जाऊन बेल्ट टाकायचे. पेटी उचलायला मी.

*

बेल्टवर प्लास्टिकचं कव्हर असतं. काम झालं की मिस्त्री त्या कव्हरच्या आतल्या बाजूला व्हाइटनरनं किलोमीटर लिहीत, आणि खाली स्वतःचं नाव.

एका ड्रायव्हरनं विचारलं, "मिस्त्री, आतमंधी नाव लिहून काय फायदा? कोन वाचते?"

"जो उघडन तो."

"अन् त्यानं वाचून काय करावं?"

"काम बिघडलं असन त शिव्या कोनाले द्याच्या, हे त्याले समजलं पायजे."

*

हिवरा आश्रमला एका रिटायर गुरुजींच्या अंगणात आम्ही बेल्ट टाकत होतो. गुरुजींना लग्नाला जायचं होतं. फेटा बांधून, घड्याळ बघत उभे होते. बेल्ट बसला, आणि मिस्त्रींनी पाना लावून इंजिन हातानं फिरवायला घेतलं. त्यांचा नियमच होता. चावी लावण्याआधी इंजिनाला हातानं दोन पूर्ण फेरे. कुठे अडलं तर हाताला कळतं, काही मोडत नाही. चावीनं अडलं की सगळं गेलं.

गुरुजी म्हणाले, "मिस्त्री, मुहूर्त टळून राह्यला. मारा आता चावी."

मिस्त्रींनी मान वर केली नाही. "गुरुजी, नवरदेवाले सात पावलं चालाले टाइम हाय, अन् माह्या दोन फेऱ्यायले नाई?"

गुरुजी लग्नाला उशिरा पोचले. पण त्याच गाडीनं पोचले.

*

एकदा धामणगाव बढेहून फोन आला. गाडी सुरूच होत नाही, बेल्ट तुटला असेल. मिस्त्रींना ताप होता, म्हणून मी एकटा निघालो. बुलढाण्याला बस बदलून, पेटी खांद्यावर घेऊन पोचलो. अर्धी गाडी खोलली. बेल्ट चांगला होता. मिस्त्रींना फोन लावला.

"बॅटरीचं टर्मिनल पाह्यलं काय बे?"

पाहिलं नव्हतं. बॅटरीवर आवळलेल्या तारेला हात लावला, तर ती बोटानं निघून आली.

"संत्या," मिस्त्री खोकत म्हणाले, "गाडी सुरू नाई झाली त पयले टर्मिनल पाय, मंग देवाले हात जोड."

सगळ्या गावासमोर मी ती गाडी परत जोडली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरा, एवढं कायले खोललं होतं?"

"साफ कराले," मी म्हणालो.

*

पहिला बेल्ट मी एकट्यानं टाकला तेव्हा मिस्त्री नुसते स्टुलावर बसून बघत होते. दोन फेरे मारले. गाडी सुरू झाली. कव्हर लावायच्या आधी मी आत माझं नाव लिहिलं. छाती भरून आली होती.

मिस्त्रींनी चिंधी पेट्रोलमध्ये बुडवली, माझं नाव पुसलं आणि तिथे त्यांचं लिहिलं.

मला रडू आलं. मी पाने गोळा करायच्या निमित्तानं खाली वाकलो.

"रडून काऊन राह्यला बे? काम तुहंच हाय. शिव्या माह्या हायेत. शिव्या पचवाले उमर लागते."

त्यानंतर कितीतरी बेल्ट मी टाकले. नाव प्रत्येक वेळी त्यांचंच.

*

मग एक दिवस मिस्त्रींनी मला दहा-बाराचा पाना मागितला. तो त्यांच्याच हातात होता. आम्ही खूप हसलो. तेही हसले.

पुढच्या महिन्यात असं तीन-चारदा झालं. मग आम्ही हसायचं बंद केलं. तेच हसायचे.

*

गुरुजींची गाडी परत आली, दुसऱ्या बेल्टसाठी. मिस्त्री म्हणाले, हिचं काम मीच करतो. मी बाजूच्या ट्रॅक्टरखाली होतो. चावीचा आवाज आला आणि लगेच आतून टक्क असा आवाज. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

गुरुजी हळूच म्हणाले, "मिस्त्री, फेरे मारले होते ना?"

"मारले ना." मग मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "संत्या, मारले होते ना मी?"

मी ट्रॅक्टरखालून बाहेर आलो. म्हणालो, "हो. मारले होते."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. ते मास्तर होते, खोटं ओळखायचे. गाडी तिथेच ठेवून ते बस स्टँडकडे निघाले. पुढे मी ते इंजिन खोललं, वाकलेले वॉल्व्ह बदलले. कव्हरच्या आत मिस्त्रींचं नाव होतं. ते तसंच ठेवलं.

त्या दिवसापासून मिस्त्री गॅरेजवर आले नाहीत.

*

यंदा काकू, म्हणजे मिस्त्रींच्या बायको, गॅरेजवर आल्या. उभ्याउभ्याच बोलल्या.

"घरच्या गाडीचा बेल्ट मीच टाकतो म्हणून राह्यले. जेवनावरून उठतात अन् गाडीपाशी जाऊन बसतात. डॉक्टर म्हनते, हळूहळू समदंच पुसून जाईन. संतोष, त्यायले टाकू दे बाबा. पन हे गाडी त्यायच्या हातानं मोडली, त त्यायले समजन."

"काय समजन, काकू?"

"का आपल्या हातचं गेलं म्हनून. बाकी समदं इसरले, हे नाई इसरनार."

रविवारी दुपारी गेलो. अंगणात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या गंजीजवळ गाडी उभी होती. मिस्त्रींनी धुतलेला शर्ट घातला होता. टर्मिनल मी काढलं, बाकी सगळं त्यांनी खोललं. एक नट चुकला नाही. हातांना सगळं आठवत होतं. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "कोनाची गाडी हाय हे?"

"तुमचीच."

"मंग बरं हाय. घाई नाई."

नवा बेल्ट चढवला. चाकांवरच्या जुळवायच्या खुणा मला दिसत होत्या. बेल्ट दोन दात चुकला होता. त्यांनी तो ताणून घट्ट केला आणि कव्हर हातात घेतलं. मी फेऱ्यांची वाट पाहिली. तोंडापर्यंत शब्द आले होते. पण मला गॅरेजवरचं ते आठवलं, "मारले होते ना मी?" आणि मी बोललो नाही.

"काकूकडून चिंधी आन," ते म्हणाले.

चिंधी घेऊन आलो तोवर कव्हर लागलं होतं.

"टर्मिनल लाव."

मी लावलं. खाली प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा घालून लावलं, म्हणजे करंट पुढे जाणार नाही. ते गाडीत बसले. काकू दारात उभ्या होत्या. मिस्त्रींनी चावी फिरवली. काहीच झालं नाही. परत फिरवली. काही नाही.

आता म्हणतील टर्मिनल पाय, आता उतरतील, असं वाटत होतं. ते काचेतून माझ्याकडे बघत बसले.

"बॅटरी उतरली असन," ते म्हणाले. "सकाळी पाय." आणि चावी माझ्या हातात दिली.

सकाळी मिस्त्री उठायच्या आत मी गेलो. कव्हर खोललं. आतल्या बाजूला व्हाइटनरनं किलोमीटर लिहिले होते. आकडे बरोबर होते. खाली वाकड्यातिकड्या अक्षरात नाव होतं. संतोष. बारा वर्षांत त्यांनी मला या नावानं एकदाही हाक मारली नव्हती.

मी बेल्ट सैल केला, दोन दात सरकवला, खुणा जुळवल्या. पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. एक फेरा. दुसरा. कुठे अडलं नाही. कव्हर होतं तसं लावलं, प्लास्टिकचा तुकडा काढून खिशात टाकला, टर्मिनल घट्ट केलं. मग दारापाशी जाऊन काकूंना म्हणालो, "मिस्त्रीले उठवा. चावी त्यायलेच फिरवू द्या."