पाटीवरचा आरोह

ओल्या पाटीचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. निजामाच्या राज्यात आमच्या शाळेत सगळं उर्दूतून, म्हणजे लिहायचं ते उजवीकडून डावीकडं. एका सकाळी मी मराठीसारखी डावीकडून सुरुवात केली, तर मास्तरांनी हातावर वेत ओढला. त्याच संध्याकाळी, हात चुरचुरत असताना, पेटी शिकवायला गंगाखेडहून येणाऱ्या गुरुजींनी मारुतीच्या देवळात पाटीवर डावीकडून चढत्या सुरांचा आरोह लिहिला, वरच्या 'सा'च्या डोक्यावर टिंब दिलं आणि म्हणाले, "म्हण." माझी नजर सवयीनं उजव्या टोकाला गेली आणि मी वरच्या 'सा'पासून खाली उतरत आलो. खाडकन मुस्काटात बसली. "उलटं म्हणायलास का रं? ध्यान कुठं हाय?" माझं टाळकंच सरकलं. "सकाळी डावीकडून लिव्हलं म्हणून मार, आता उजवीकडून म्हणलं म्हणून मार! एक तरी सूर चुकला का, तेवढं सांगा!" चुकला नव्हता. गुरुजींनी ओल्या फडक्यानं पाटी पुसली. आता म्हातारपणीही रोज पेटी उघडली की मी आधी वरच्या 'सा'पासून खाली येतो, आणि त्यांनी न दिलेल्या उत्तरासाठी थांबतो.