सर, कोणतं?

आमच्या शॉर्टहँडच्या क्लासातली चार माणसं भेटली की चहा हमखास गार होतो. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसरा म्हणतो, "अरे, आणि ते विसरलास?" मी काही विसरत नाही. मला बोलूच देत नाहीत!

क्लास नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. शॉर्टहँडमध्ये कानाला ऐकू येईल तशी खूण काढायची. म्हणजे 'वेट' वजनाचा असो की वाट बघण्याचा, खूण एकच. टाइप करताना अर्थावरून ओळखायचं. "सर, कोणतं?" असं विचारलं की शिक्षा ठरलेली: खाली चौकातल्या नळावरून कळशी भरून आणायची आणि वर्गातल्या माठात ओतायची.

पहिल्याच दिवशी माझ्या चार खेपा झाल्या. सर म्हणाले, "वा! उन्हाळ्यात सुट्टी घेऊ नका."

*

बबन हडपसरकडचा, घरची बागायत. आठवडाभर पाणी भरून वैतागला. "सर, आमच्याकडं जुनी मोटर पडून हाय. बसवून देतो, पाणी थेट माठात!"

सर म्हणाले, "बसवा. मग तुमची इथे गरज काय?"

*

तळमजल्यावरच्या काकू एकदा तणतणत वर आल्या. "अहो, तुमची मुलं हुशार कधी होणार? आम्हाला नळ मोकळा मिळत नाही!"

"प्रयत्न चालू आहेत," सर म्हणाले. "तोवर आपण पहाटे भरत चला."

*

मे महिन्यातली गोष्ट. आम्ही तयार झालो होतो, दोन दिवस कुणी काही विचारलंच नाही. माठ कोरडा. सरांनी एकाच पत्रात सहा वेळा 'राइट' घातला. सगळे मुकाट्याने लिहीत राहिलो.

शेवटी सर घसा खाकरून म्हणाले, "अहो, कुणीतरी विचारा!"

*

आता शमीमचा किस्सा. ही कसबा पेठेतली. वडील पुस्तकांचं बाइंडिंग करायचे, त्यांची नजर गेली आणि घर हिच्यावर आलं. वर्गात भीतीने कधी विचारायची नाही, अंदाजाने ठोकून द्यायची. त्या अंदाजापायी दोन नोकऱ्या हुकल्या होत्या. तिसरा इंटरव्ह्यू स्वारगेटजवळच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात.

संध्याकाळी ती वर्गात आली, धापा टाकत. आम्ही सगळे उठून उभे. सर तेवढे बसलेले.

"साहेबांनी पत्र सांगितलं," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाची 'वेट' फार असल्याची तक्रार. पार्सलचं वजन म्हणावं तरी बसतंय, ताटकळणं म्हणावं तरी बसतंय! मग मी विचारलं, 'सर, कोणतं?' आणि वर्गातल्या नियमाने उठून कोपऱ्यातला पाण्याचा जग उचलला."

"अगं बाई!" कुणीतरी म्हणालं.

"साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मग हातातली गिऱ्हाइकाची मराठी चिठ्ठी वाचली, परत वाचली; तिथेही नुसतंच 'वेट'. त्यांनाही कळेना. 'बसा आपण,' म्हणाले. माझ्या हातातून जग घेतला आणि स्वतः जाऊन भरून आणला. 'सोमवारपासून या' म्हणाले!"

आम्ही टाळ्या पिटल्या. शमीम रडायलाच लागली.

सरांनी चष्मा पुसला.

"आणताना सांडलं का?"

"हो सर. दारापासून टेबलापर्यंत."

सर म्हणाले, "इथेही त्याची कळशी अर्धीच पोचायची. अजून तसाच आहे."