गल्ल्यावरची हाक

आमची खानावळ केबिन रोडच्या मागच्या गल्लीत होती आणि ती चालायची बाबांच्या तोंडावर. माशांवर नाही. मासे आई करायची, छानच करायची, पण तसे मासे भाईंदरात आणखी चार ठिकाणी मिळायचे. लोक यायचे ते बाबा गल्ल्यावर बसून ऑर्डर ओरडायचे, ती ऐकायला.

"एक सुरमई थाळी! गिऱ्हाईक माशापेक्षा बारीक आहे, भात चेपून वाढ!" "दोन बांगडे! हा घरी भांडून आलाय, तिखट जरा बेताचं टाक!" स्वयंपाकघराच्या भिंतीला एक बारकी खिडकी होती. तिच्यातून आईला बाहेरचं काही दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. ती आतून "आलीऽऽ!" म्हणायची, आणि तेवढ्यानेच गिऱ्हाईक खूश. मी शाळेचा सगळा अभ्यास या दोन आवाजांच्या मधल्या बाकड्यावर बसून केला.

मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजायचं सगळं. पण बोलायला गेले की "आऽ बा, आऽ बा" एवढंच बाहेर यायचं, आणि ते स्वतःच्या कानावर पडलं की ते तोंड भिंतीकडे करायचे. हळूहळू काठी घेऊन चालायला लागले, तरी खानावळीत पाय ठेवायला तयार नाहीत. घरी, खारीतल्या आमच्या खोलीत खाटेवर बसून राहायचे. डॉक्टरांनी सांगितलेले तोंडाचे व्यायामसुद्धा करेनात.

खानावळीत पोऱ्या आता चिठ्ठीवर ऑर्डर लिहून खिडकीत ठेवायचा. आई चिठ्ठी वाचायची, थाळी सरकवायची. "आली" म्हणणं तिने सोडून दिलं. नेहमीची गिऱ्हाइकं एकेक करून गळाली. एक जण तर मला तोंडावर म्हणाला, "काका नहीं तो मजा नहीं." अस्सं डोकं फिरलं माझं! अरे मेल्या, इथे माणूस पडलाय आणि तुला मजा हवीय? पण रात्रीचं उरलेलं कालवण आई मुकाट्याने शेजाऱ्यांना वाटायची ते बघितलं की रागसुद्धा टिकायचा नाही. आतून नुसतं पोखरल्यासारखं वाटायचं. बाबा असेच भिंतीकडे बघत संपणार, असं मला दिवसाढवळ्या वाटायचं.

मी तेव्हा मीरा रोडला एका ऑफिसात डेटा एन्ट्री करायची. तिथे जाहिरातीचं बघणारा एक जण होता. त्याला मी खानावळीचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, मोठ्या कंपन्या पैसे मोजून माणसं ठेवतात, आमच्या मालाला एक बोलण्याची ढब द्या म्हणून. तुमच्याकडे ती फुकट होती. इंटरनेटवर कम्युनिटी काढ, रोज दोन ओळी टाक, आणि वडलांच्या सोडून कधीच दुसऱ्या कोणाच्या तोंडचं बोलू नकोस.

त्या वेळी सगळी पोरं गप्पांच्या एकाच साइटवर पडीक असायची. एकमेकांना स्क्रॅप म्हणजे निरोप टाकायची, कशावरही कम्युनिटी म्हणजे गट काढायची. मी खानावळीची काढली. पहिला मजकूर कागदावर लिहिला: "ताजे, चविष्ट, घरगुती मत्स्याहार. सर्व ग्राहकांचे स्वागत." सायबर कॅफेत जायच्या आधी बाबांना वाचून दाखवला. त्यांच्या उशाशी स्टीलची वाटी असायची, पाणी हवं असलं की खाटेच्या लोखंडावर आपटायला. "ग्राहक" म्हटल्याबरोबर त्यांनी ती दोनदा आपटली. म्हणजे खोड. "स्वागत"वर परत दोनदा. सगळाच कागद खोडला गेला. किती महिन्यांनी त्यांनी भिंतीवरून नजर काढली होती!

मग तीच आमची रीत झाली. मी संध्याकाळी लिहायची, वाचायची. एक टोला म्हणजे राहू दे, दोन म्हणजे काढ. त्या वाटीने मला बाबांचं बोलणं शिकवलं. त्यांनी कधी कुणाला अहो-जाहो केलं नाही, म्हणून मीही सगळ्यांना अरे-तुरे. मासा वाईट असला की ते सरळ सांगायचे, म्हणून मी लिहिलं: "आज बांगडा बरा नाय. आलास तर अंडं खा आणि गप घरी जा." त्यावर एक टोला आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्यात थोडंसं हसू. "पानात टाकलंस तर उद्या येऊ नको" यावर इतका जोरात टोला बसला की आई घाबरून मोरीतून बाहेर आली.

फक्त एकदा भांडण झालं. मी लिहिलं होतं, "काका आजारी आहेत, बोलू शकत नाहीत, पण..." पुढचं वाचूच दिलं नाही. वाटी आपटत राहिले, आपटत राहिले, शेवटी हातातून सुटून ती खाटेखाली घरंगळत गेली. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "बाबा, लोकांना कळायला नको का?" त्यांनी मान हलवली. नको. तिथे तरी नको.

मग मी नाही लिहिलं. तिथे बाबा धडधाकट होते. तिथे ते रोज कोणाची ना कोणाची उतरवत होते, आणि मीरा रोडची, बोरिवलीची, कॉल सेंटरमधली पोरं खाली लिहायची, "काका, हमको भी डाँटो!" मी ते वाचून दाखवायची. बाबा व्यायाम करायला लागले. जीभ बाहेर, जीभ आत, आरशासमोर. मला वाटलं, जमलं. देवा, जमलं बहुतेक.

तेवढ्यात कम्युनिटीतल्या पोरांनी ठरवलं की रविवारी सगळ्यांनी भेटायचं. कुठे? तर आमच्याच खानावळीत. काकांकडून समोरासमोर बोलणी खायला.

मी बाबांना सांगितलं, "मी त्यांना कळवते, काका गावाला गेलेत." दोन टोले. "मग मी खरं सांगते." दोन टोले. "बाबा, पाया पडते तुमच्या, नका ना येऊ!" त्यांनी वाटी खाली ठेवली आणि डाव्या हाताने कपाटाकडे बोट दाखवलं. त्यात त्यांचा इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. बटणं मी लावली.

रविवारी ते गल्ल्यावर बसले. आई आत होती. पोरं आली, घोळक्याने आली, बाकडी भरली. किती दिवसांनी भरली होती! मी दारातच एकेकाला बाजूला घेऊन सांगणार होते, पण त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "काका! काका!" करत सगळी गल्ल्याभोवती जमली. एक चष्मेवाला, हाडकुळा, पुढे झाला. रोज सगळ्यात जास्त लिहायचा तोच असणार. म्हणाला, "काका, माझी ऑर्डर ओरडा ना. सुरमई. आणि काय म्हणायचं ते म्हणा मला."

बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. अगदी पूर्वीसारखं. मग छाती भरून घेतली, मान खिडकीकडे वळवली आणि ओरडले.

"आऽ बा! आऽ बा बाऽ, बा आऽ बा!"

चाल तीच होती. सुरुवातीला वर, मध्ये चिमटा काढल्यासारखी, शेवटी ठोकून. शब्द एकही नव्हता.

पोरं हसली. खो खो हसली. त्यांना वाटलं काका नक्कल करतायत. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

आणि आतून आवाज आला, "आलीऽऽ!"

टाळ्या थांबल्या. आत काहीतरी पडलं, आणि आई झारा घेऊन धावत बाहेर आली. चेहरा फुललेला, डोळे भरलेले. "बोलले ना?" ती म्हणाली. "हे बोलले ना आत्ता? मी ऐकलं ना!"

तिने माझ्याकडे बघितलं, मग त्या पोरांकडे. पोरांच्या तोंडावरचं हसू उतरत चाललं होतं. मग तिने बाबांकडे बघितलं. बाबांचा डावा गाल थरथरत होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. चष्मेवाला खाली बघत मटकन बाकड्यावर बसला.

मला वाटलं, आता ते परत भिंतीकडे वळणार. या वेळी कायमचे.

बाबांनी पुन्हा छाती भरली. पुन्हा तेच ओरडले, पहिल्यापेक्षा मोठ्याने. समोर आई उभी होती तरी तोंड खिडकीकडेच होतं, कारण ऑर्डर तिकडेच द्यायची असते.

आईने पदराने तोंड पुसलं, ती आत गेली, आणि जिथून तिला बाहेरचं काही दिसत नव्हतं तिथून फाटलेल्या आवाजात ओरडली, "आलीऽऽ!"

थाळी आली. तिच्यावर सुरमई होती, आणि भात चेपून वाढलेला होता.