चुन्यातून दिसणारी रेघ

डोमाजी गुरुजी,
तुम्ही सांगितलेला गेरू अजून आणलेला नाही. रागावू नका. रागावलात तरी आता काय उपयोग?

एवढं लिहून मीराबाईंनी पेन खाली ठेवलं. गुरुजी जाऊन जमाना झाला. पण माणूस गेलं म्हणून बोलणं तोडायचं, हा वेडेपणा त्यांना पटत नाही.

छप्पन सालच्या सुमाराला डोमाजी गुरुजी वर्ध्याला मुलींच्या शाळेत ड्रिल शिकवत. पवनारचे शेतकरी, आखाड्यात वाढलेले, गळ्यात कायम शिट्टी. सिंदी मेघे गावच्या कारकुनाची मुलगी मीरा होती जाड. पोरी तिला 'बोचकं' म्हणत, त्यामुळे ड्रिलच्या तासाला तिचं पोट हमखास दुखे.

"काऊन वं, तुह्यं पोट टाइमटेबल पाहून दुखते का?" गुरुजींनी तिला भिंतीशी नेलं, तिच्या बोटांना कोळसा फासला. "मार उडी. भिंत खाऊन नाई टाकत तुले."

बोटांचा ठसा किती खाली उमटला ते पाहून पोरी फिदीफिदी हसल्या. गुरुजींनी तिथंच रेघ ओढून मीराचं नाव लिहिलं. "ही तुई रेघ. तुले हिलेच हरवाचं हाय, दुसऱ्या कोनाले नाई."

पोटदुखी पळाली. मीरा मधल्या सुट्टीतही भिंतीशी उड्या मारू लागली. आणि मारणं भागच होतं. ड्रिलमध्ये नापास म्हणजे वर्ग अडला. वर्ग अडला की लग्न, असं वडिलांनी बजावलं होतं.

नागपूरहून तपासणीला साहेब येणार, म्हणून मुख्याध्यापिका शकुंतलाबाईंनी हौसेनं भिंतीला चुना मारून घेतला. मीराच्या रेघेसकट सगळ्या पोरींच्या रेघा गडप! साहेबांनी त्या कोऱ्या भिंतीवर साऱ्यांसाठी पास व्हायची एकच रेघ ओढली. मीराचा हात चार बोटं खाली राहिला.

"नापास."

"साहेब, पोरगी कुठून कुठवर आली थे तं पाहा," गुरुजी चुना चाचपत म्हणाले. "अठीच होती हिची रेघ."

"पुरावा काय?"

वर्गातली ताडमाड लीना भिंतीला टेकली, हात वर केला. "सर, पहिल्या दिवशी हे बोचकं उडी मारूनही माझ्या मनगटापर्यंतच पोचलं होतं. मी पोट धरून हसले होते!"

"मी पण हसले होते, सर!"

"मी पण!"

साहेबांनाही हसू आवरेना. त्यांनी लीनाच्या मनगटापासून मीराच्या आजच्या ठशापर्यंत वीत टाकून पाहिली, अंतर चांगलं वीतभर भरलं. म्हणाले, "पास."

संध्याकाळी गुरुजींनी मीराला थांबवलं. "कोळशाचा भरोसा नाई, बाई. सुट्टीत कारंज्याले मामाकडे जाशीन तं गेरू आणजो. चुन्यातूनबी दिसते थो. साऱ्याइच्या रेघा पक्क्या मारू."

"आणते, गुरुजी."

मामानं पुडा बांधूनही दिला. निघायच्या धांदलीत तो फळीवरच राहिला. शाळा उघडली तेव्हा गुरुजी नोकरी सोडून पवनारला शेतीवर गेलेले. पुढं मीरा नागपूरला कॉलेजात. येता-जाता बस पवनारला थांबे. पण गेरूशिवाय रिकाम्या हातानं गुरुजींसमोर उभं कसं राहायचं?

"उतरता का, बाई?" तिला जागेवरून अर्धवट उठलेली पाहून कंडक्टर विचारी.

"पुढच्या खेपेला."