आठ लिफ्ट, सहा दिवस

परवा मामा आला, दोन कप चहा ढोसला आणि म्हणाला, "पोरीचं नशीब जोरावर आहे बुवा." माझं डोकंच फिरलं. नशीब? नशीब असतं तर पहिल्या दोन कंपन्यांनी तिला हात हलवत परत पाठवलं असतं का? म्हणून लिहायला बसलोय. माझं शिक्षण बेताचं, दहावी आणि वर दोन वर्षं लिफ्टचं काम शिकलो. पण ह्या गोष्टीत माझाही हात आहे. तो कसा, तेही सांगतो, लपवत नाही.

माझी धाकटी बहीण. लहानपणी एका बिस्किटाचे दोन तुकडे केले की ही पट्टी घेऊन यायची, कुणाचा मोठा ते बघायला. तेव्हापासून घरात तिचं नाव मोजपट्टी. घरपोच सामान देणाऱ्या एका कंपनीत तिनं सहा वर्षं फोनवर लोकांच्या शिव्या खाल्ल्या. प्रत्येक शिवी ती वहीत लिहायची. किती वाजता, कुठला भाग, किती उशीर. कुणी सांगितलं नव्हतं. मग तिनं ठरवलं, आपण प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचं, तेही आकडेवाली. म्हणजे उशीर कुठे होतो, ॲपमध्ये काय बदलायचं, हे आकडे बघून ठरवणारी.

पहिल्या कंपनीत मुलाखत घेणारा अर्धा तास मोबाईलमध्ये तोंड घालून बसला होता. दुसरीकडची बाई म्हणाली, "फोन उचलणारे वेगळे आणि आकडे वाचणारे वेगळे." हे ऐकून मी पाना घेऊन निघालोच होतो. आईनं दाराला आतून कडी घातली आणि स्वतः दारात बसली.

तिसऱ्या कंपनीची तयारी सुरू झाली. संध्याकाळी कामावरून आलो की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी साहेब व्हायचो. प्रश्न तिनंच लिहून दिलेले.

"एका भागात ऑर्डर पोचायला जास्त वेळ लागतोय. का?"

"आधी विचारीन, सगळ्यांना की काहींनाच? कधीपासून?"

"उलट प्रश्न विचारू नका बाई."

"दादा, उलटेच प्रश्न विचारायचे असतात."

"मग मला घ्या की नोकरीला! मी जन्मभर तेच केलंय."

कंपनीनं घरी करायला काम दिलं. एका भागातल्या सहा महिन्यांच्या ऑर्डरी, हा एवढा तक्ता. उशीर का होतो ते शोधा आणि पाच दिवसांनी तिघांपुढे मांडा. तिनं शोधलं. सामान वेळेवर बांधलं जातं, रस्त्यातही उशीर नाही, माणूस इमारतीशी वेळेवर पोचतो. मग दारात सामान द्यायला आठ मिनिटं जास्त. आणि फक्त चार इमारतींत, तेही एका ठरावीक तारखेपासून.

"दादा, ह्या चार इमारतींतल्या लिफ्ट बिघडल्या होत्या का?"

"माझ्या हाताखालची लिफ्ट? बिघडेल? तोंड सांभाळ."

"मग ह्या तारखेला काय झालं?" तिनं कागदावर बोट ठेवलं, आणि माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत राहिली.

भिंतीवर माझं प्रमाणपत्र, चौकटीत. चार इमारती, आठ लिफ्ट, सहा दिवसांत कार्डाची मशिनं बसवली. आमच्याकडे आजवर असं कुणी केलं नाही, करणारही नाही. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर दिलं होतं. खाली तारीख. तीच.

ह्या मशिनीचं काम एवढंच, कार्ड लावलं तर लिफ्ट चालते. कार्ड फक्त राहणाऱ्यांकडे. बाकीच्यांनी मागच्या सामानाच्या लिफ्टनं जायचं. ती एकच, आणि तिच्यात कुणाचा तरी सोफा नाहीतर कचऱ्याचे डबे.

"तू काम चोख केलंस दादा. म्हणूनच तर."

"म्हणजे माझ्या कामाला नावं ठेवून तू नोकरी मिळवणार? घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, ते हे!"

"तू नको म्हण, नाही लिहिणार. रस्त्यावर गर्दी असते असं लिहीन. चालून जाईल."

ह्यानं तर मी जास्तच पेटलो. मोजपट्टी खोटं लिहिणार, आणि तेही माझ्यासाठी! त्या रात्री भरल्या ताटावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यातल्या एका इमारतीत गेलो. सामानाच्या लिफ्टच्या दारात एक कपाट आडवं अडकलेलं. शेजारी डिलिव्हरीवाला उभा, माझ्यापेक्षा वयानं मोठा, दोन्ही हातांत पिशव्या.

माझा युनिफॉर्म बघून म्हणाला, "लिफ्टवाले ना तुम्ही? पुढची रिकामी उभी आहे. आम्हाला बघितलं की आंधळी होते."

"कितवा मजला?"

"चौदावा."

कामासाठी मिळालेलं कार्ड माझ्या खिशात होतं. काढलं नाही. म्हटलं, आपण काय बसवलंय ते एकदा पायानं मोजू. एक पिशवी घेतली आणि चढलो. नवव्या मजल्यावर माझ्या छातीचा भाता झाला. चौदाव्यावर गिऱ्हाइकानं दार उघडलं, "इतका उशीर?" म्हणत पिशव्या ओढून घेतल्या आणि आमच्यासमोर मोबाईलवर एक तारा दाबला. पाचातला एक. मी तोंड उघडणार, तर त्या माणसानं माझं कोपर दाबलं. "बोलू नका. ते भांडणपण माझ्याच नावावर चढेल." मी घड्याळ बघितलं. आठ मिनिटं. मोजपट्टी चुकत नाही.

घरी येऊन चौकट भिंतीवरून उतरवली आणि तिच्यापुढे आपटली. "घेऊन जा. तारीख आहे, सही आहे, शिक्का आहे. अजून काय पाहिजे त्यांना?"

कंपनीत त्या तिघांपुढे काय झालं ते तिनं मला तीनदा सांगितलंय, मीच सांगायला लावलं. एकानं विचारलं, "तक्त्यात लिफ्टचा रकानाच नाही. तुम्हाला कळलं कसं?" हिनं चौकट टेबलावर ठेवली.

"हे कुणाचं?"

"माझ्या भावाचं. मशिनं त्यानंच बसवलीत."

दुसरा हसला. "मग उपाय काय? भावाला काढून टाकायचं?"

ही हसली नाही. म्हणाली, "त्या इमारतींत डिलिव्हरीवाल्याचं घड्याळ फाटकाशी थांबवा. जिना त्याच्या नावावर मांडू नका. आणि गिऱ्हाइकाला आधीच खरी वेळ सांगा." मी असतो तर टेबलावर हात आपटला असता. ती माझ्यापेक्षा शहाणी आहे.

नोकरी लागली. दीड महिना झाला. तिच्या कंपनीचं घड्याळ आता त्या चार इमारतींच्या फाटकाशी थांबतं. बाकीच्या कंपन्यांची माणसं अजून धावतायत, आणि पुढच्या लिफ्ट रिकाम्या उभ्या आहेत. आमच्या साहेबाला दोनदा म्हटलं, इमारतवाल्यांशी बोला, निदान एक लिफ्ट तरी सगळ्यांना मोकळी करू. "तुझं काम बसवायचं," म्हणतो, "विचार करायचं नाही."

आई चौकट परत टांगायला निघाली होती. मी टांगू दिली नाही, कपाटामागे टाकलीय. मामा म्हणतो, नशीब.

ती मशिनं काढायची ऑर्डर द्या म्हणावं कुणीतरी. बसवायला सहा दिवस लागले होते, काढायला तीन घेईन. माझा विक्रम मीच मोडीन.